गाईला जाणारं पान
वरणाला हिंगाची फोडणी बसली की देवासचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. संस्थान विलीन झालं त्या साली धाकटा भाऊ तापानं गेला आणि आई गप्पच झाली. ती सगळ्यांच्या मागून एकटी जेवायची, त्यामुळे ती जेवते की नाही हे कुणी पाहिलंच नाही. एकदा गवळी वडिलांना म्हणाला, "बाबूसाब, गाय चारा नहीं छूती, रोज आपके यहाँ का दाल-भात खाती है." त्या दुपारी वडिलांनी स्वतःच्या शेजारी आईचा पाट मांडला. "एक घास घे. मी थांबलोय." आमची जेवणं उरकली, त्यांचा हात वाळला, तेव्हा कुठे तिनं घास उचलला. हल्ली मलाही अन्न जात नाही. पान पुढ्यात निवत राहतं, पण शेजारी हात वाळवत बसणारं कुणी नाही.