सूतगिरणीत नावं गळत होती

“मन्हं नाव पडनं! साहेब, मन्हं नाव पडनं वो!”

सूतगिरणीच्या ऑफिसच्या दारात एक कामगार गुडघ्यांवर बसून ओरडत होता. त्याच्या मागे अख्खी दुपारपाळी जमली होती, आणि आत सूतकताईचे सांचे थांबल्यामुळे नुसतं पत्र्यावर ऊन तडतडताना ऐकू येत होतं. पेन्शन खाऊन मी जाडजूड झालो, पण ती ओरड अजून कानातून गेलेली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, धुळे जिल्ह्यातली. कुणाचंही नाव सांगणार नाही. नावांनी तेव्हाच पुरेसा गोंधळ घातला होता. मी तिथे फौजदार होतो. मी शिंकलो तर पारोळ्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडतात, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

फोन मॅनेजरने केला होता. “ऑपरेटर पोरीला अटक करा. तिने हजेरीच्या कॉम्प्युटरची वाट लावली. कामगार तिला डाकीण म्हणतात, मी किती वेळ थोपवू?”

झालं होतं असं. पडद्यावरून एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नावाची अक्षरं गळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा हात यंत्रात गेला. तेव्हापासून ज्याचं नाव पडेल त्याचा घात होणार, हे सगळ्या गिरणीने धरून ठेवलं. दोष कुणाचा? पडद्यासमोर बसते तिचा.

मुलगी चाळीसगावची, बौद्ध कुटुंबातली, वडील रेल्वेत गँगमन. कॉम्प्युटरच्या खोलीत ताठ बसली होती. तळवे मात्र टेबलावर घट्ट दाबून धरलेले.

“तू काय केलंस?”

“हजेरी भरली. तेवढंच.”

तेवढ्यात ते सुरू झालं. मी दरोडेखोर पाहिलेत, विहिरीतून आठवड्याने काढलेली प्रेतं पाहिलीत. पण पडद्यावरच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर सैल झालं, सरळ खाली सरकलं आणि तळाशी जाऊन टेकलं. मग दुसरं. प्रत्येक अक्षरागणिक मशीन टिक् करायचं. दिव्याखाली मेलेले किडे साचावेत तसा तळाशी अक्षरांचा ढीग झाला. कळफलकाला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. माझ्या मानेवरचे केस असे उभे राहिले की टोपी दोन बोटं वर गेली.

बाहेरचा जमाव पाहून मी मुलीला गाडीत घातलं आणि पोलीस ठाण्यात आणलं. अटक नाही, पण बाहेरच्यांना अटकच वाटली. तिच्या खणातल्या दोन फ्लॉप्या पंचनामा करून जप्त केल्या. आमचा हवालदार कोयता जप्त करो की कोंबडी, डिंक लावून पंचांच्या सह्यांचं लेबल चिकटवल्याशिवाय सोडत नसे. एका फ्लॉपीवर लेबल मधोमध बसलं. दुसरीवर जागा नव्हती, म्हणून त्याने ते कडेवरून दुमडून चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी जळगावहून इंजिनीअर आला. त्याच पंचांसमोर आणि मुलीसमोर आम्ही गिरणीत फ्लॉप्या उघडल्या. पहिली त्याने त्याच मशीनमध्ये घातली, तपासली. “सर, व्हायरस आहे. फ्लॉपीतून फ्लॉपीत जातो.”

“बघा!” मॅनेजर खुर्चीतून उडालाच. “हिनेच आणला!”

मुलीचा चेहरा पांढरा पडला. मग दुसरी फ्लॉपी घातली. मशीन कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. लाल दिवा लुकलुकत राहिला.

“हिच्यावर लिहिता येत नाही म्हणतंय,” इंजिनीअर वैतागला. “तुमच्या लेबलने कडेची खाच झाकली गेली. ती झाकली की फ्लॉपी फक्त वाचता येते.”

“तू लिहायला सांगितलंस का?” मी विचारलं.

“नाही. फक्त वाचायला.”

“मग लिहितंय कोण?”

आत बसलेलं ते काहीतरी दार ढकलत होतं, आणि आमच्या हवालदाराच्या डिंकाने दार बंद होतं!

मी कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट मागवून फोडायला लावलं. घातली, काढली, तपासली: तिच्यातही तोच व्हायरसचा किडा. म्हणजे पहिली फ्लॉपीही आमच्या डोळ्यांदेखत मशीननेच बाटवली असू शकत होती. मुलीविरुद्धचा पुरावा तिथेच मेला.

मग सफाई. मशीन पूर्ण बंद केलं. इंजिनीअरने आणलेल्या, खाच झाकलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून चालू केलं, आतला किडा पुसला, मग ऑफिसातली एकूण एक फ्लॉपी धुऊन काढली. “एक जरी राहिली तर पुन्हा येईल,” इंजिनीअर म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर अक्षरं पुन्हा गळू लागली.

मुलगी सुट्टीभर माझ्यासमोर व्हरांड्यात डबा खात होती. मी मॅनेजरला खुर्चीत बसवलं आणि आवाज अगदी खाली आणला. माझा खालचा आवाज जास्त वाईट असतो.

“सुट्टीत आत कोण होतं?”

“मी. देखरेख करत होतो.”

“मशीनच्या कुलपाची चावी?”

“माझ्याकडेच असते.”

“देखरेख कसली?”

घाम पुसता पुसता त्याने पँटच्या खिशावर हात ठेवला. माणूस तोंडाने खोटं बोलतो. हात मात्र माल कुठे आहे ते राखत बसतो. खिशातून चावी निघाली, आणि खिशावर आलेल्या शर्टाखालून कमरेला खोचलेली एक फ्लॉपी.

“मोटारींची शर्यत आहे साहेब. मेव्हण्याने दिली. रोज पंधरा मिनिटं खेळतो फक्त.”

“आणि पोरीला डाकीण ठरवत होतास?”

“मला काय माहीत, खेळातून भूत येतं!”

याला कुठलं कलम लावायचं ते मला आजही सुचलेलं नाही. ती फ्लॉपी मी अंगणात सगळ्या पाळीसमोर कात्रीने कापली आणि अर्धा तास भाषण ठोकलं. कामगार हसले, पण पांगताना दोघे-तिघे त्या खोलीला वळसा घालूनच गेले.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. अटकेसाठी जो सर्वांत मोठ्याने ओरडतो, त्याचे खिसे आधी पाहावेत. आणि घाण साफ केली म्हणजे तपास संपत नाही. ती आली कुठून ती वाट बुजवावी लागते.

मॅनेजर घसा खाकरत मुलीसमोर आला. “झालं ते झालं. उद्यापासून ये कामावर.”

“येईन,” ती म्हणाली. “चावी इकडे द्या.”