माझाच चोथा मला विकला

वाशीमच्या चहाच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. शेलूबाजारच्या लोकांनी मात्र ठरवलं की मीच त्यांना फसवलं. पहिलं खरं, दुसरं खोटं. पण त्या दिवसांत माझ्या तोंडून आधी शिवी निघे आणि मग मुद्दा, त्यामुळे मुद्द्यापर्यंत कुणी थांबलंच नाही. आता लिहून काढतो. लिहितानाही बूड टेकत नाही. मधेच उठून अंगणात फेऱ्या मारून येतो.

मी मूळचा बैलबाजारातला दलाल. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते जिभेच्या आणि बोटांच्या बळावर. आमच्याकडे बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. दात, खूर, चाल सगळं आधी बघून घ्यायचं. रुमाल निघाला की सौदा पक्का. त्यानंतर जनावराचं तोंड पुन्हा उघडणं म्हणजे समोरच्याला भर बाजारात चोर म्हणणं.

पुढे शेलूबाजारला रस्त्याच्या कडेला हाटेल टाकलं. चहा तेव्हा आमच्याकडे नवा होता. म्हातारी माणसं म्हणत, यानं रक्त आटतं. जे पीत ते काढ्यासारखा पीत: पाणी, गूळ, दूध, पत्ती, सुंठ एकत्र टाकायचं आणि काळंशार होईस्तोवर उकळायचं.

चहा म्हणजे काय, हे मला त्या व्यापाऱ्यानेच शिकवलं. ते मी नाकारत नाही. त्याने आसामातले मळे पाहिले होते. चहाचं झाड सोडलं तर उंच जातं, पण छाटून छाटून ते कमरेएवढंच ठेवतात. त्याला पाऊस भरपूर लागतो, मात्र मुळाशी पाणी थांबलेलं खपत नाही. म्हणून उतारावर लावतात, नाहीतर चर खणून पाणी काढून देतात. शेंड्याची कळी आणि तिच्या खालची दोन पानं खुडायची, कोमेजू द्यायची, मळायची, तांबूस होईपर्यंत पसरून ठेवायची आणि मग भट्टीवर वाळवायची. मी हट्टाने त्याच्याकडून बी मागवून परसात लावलं. आमची काळी माती पाणी धरून बसते. रोप आलं, पिवळं पडलं, गेलं.

तो हसला. "भाऊ, चहा पिकवाचं काम तुह्यं नाही. तू निस्ता पाज."

पाजायचं कसं, तेही त्यानेच सांगितलं. पाणी खळखळून उकळलं की भांडं चुलीवरून खाली घ्यायचं, मग पत्ती टाकायची, झाकण घालून दम द्यायचा. दूध वेगळं तापवायचं. "चांगल्या पत्तीले उकळा लागत नाही. उकळतेत ते खराब पत्ती लपवाले." हे शब्द त्याचे. वाचणाऱ्याने लक्षात ठेवावेत.

त्यात माझी भर एवढीच की झाकण घालताना मी परसातल्या गवती चहाची एक पात टाकत असे. ती तरंगून कपात येऊ नये म्हणून तिला गाठ मारत असे. असं आसपास दुसरं कुणी करत नव्हतं. लोक आसेगावहून मुद्दाम माझा चहा प्यायला येऊ लागले.

उरलेला चोथा मी फेकून देत होतो. मग व्यापाऱ्याचा गडी दर बाजाराच्या दिवशी येऊ लागला. म्हणाला, "शेठच्या पानमळ्याले खत पायजे. पण वाळवून ठेवत जा, ओला पोत्यातून गळते." कचरा जातो आहे, जाऊ दे, म्हणून मी हाटेलामागे तरटावर चोथा वाळत घालू लागलो. येणारे-जाणारे बघत होते. मला लपवायचं काहीच नव्हतं.

आसेगावच्या पाटलांनी मुलीच्या साखरपुड्याचा चहा माझ्याकडे दिला. व्याही शहरातले, चहाचे शौकीन. त्यासाठी नवी पेटी मागवली. व्यापारी स्वतः ती घेऊन जऊळक्याच्या स्टेशनावर उतरला. झाकण उघडलं, मी वरची पत्ती चिमटीत धरली, तळहातावर चुरली, वास घेतला. अस्सल माल. फलाटावरच रुमाल टाकला. मी बोट दाबलं आणि तो भावात भराभर खाली आला.

"तुह्या बोटात लय जोर हाय बाप्पा," तो म्हणाला. मी खूश होऊन पेटी बैलगाडीत चढवली.

साखरपुड्याला अवकाश होता, तोवर वरची पत्ती हाटेलात संपली. साखरपुड्याला खालची गेली. मांडवात मी नेहमीसारखा दम दिला, झाकण काढलं, आणि भांड्यात नुसतं गढूळ पाणी. मी काही करायच्या आत माणसांनी तेच कपबशांत ओतून वाढलंही. व्याह्यांनी एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. पाटील बोलले.

"काय पाजून राह्यला बे हे? चहा हाय का भांडे धुतल्याचं पाणी?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पाटील, म्या माह्या डोयानं पाह्यलं! हाटेलामागं चोथा वाळू घालते हा!"

"तो खताले जाते!" मी म्हणालो.

"हो, आमच्या पोटातल्या खताले!"

अख्खा मांडव हसला. पाटील तेवढे हसले नाहीत. "सोयऱ्यासमोर मान खाली घालाले लावली तू माही. चाल, उचल तुह्ये भांडे."

घरी येऊन मी पेटी चादरीवर उपडी केली. अस्सल पत्ती होती ती वर तेवढीच, संपलेली; खाली सगळा रंग चोळलेला वाळका चोथा. चाळता चाळता बोटाला काहीतरी लागलं. गवती चहाची वाळलेली पात, गाठ मारलेली. माझ्या हातची गाठ.

तसाच वाशीमला गेलो. तो गिऱ्हाइकांत बसला होता. गाठ त्याच्या नाकापुढे धरली.

"गाठ तं कोनीबी मारते," तो म्हणाला. "आन् रुमाल निंगाल्यावर मालाले नाव ठेवाचं नाही, हे तुमच्याच बाजाराचं हाय ना? मंग?"

बसलेले हसले. मी बरोबर नेलेला चोथा त्याच्या पांढऱ्या गादीवर ओतला. मला धरून बाहेर काढलं. शेलूबाजारला बातमी आली ती एवढीच: चोर तो चोर, वर मारामारी.

हाटेल ओस पडलं. समोरच्या हाटेलवाल्यांकडेही त्याच्याच पेट्या येत होत्या. पण ते गूळ-सुंठ घालून उकळत होते, त्यामुळे त्यांचा चोथा कुणाला कळला नाही. माझा कळला, कारण मी चहा नीट करत होतो, त्याने शिकवला तसा. हेच मला अजून बसू देत नाही.

ती गाठ मी जपून ठेवली आहे. चादरीवरचा थोडा चोथाही. शेठ, तुम्ही अजून आहात, गादीही आहे. बाजाराच्या दिवशी शेलूबाजारला या. तुमच्या पेटीतला चहा मी तुमच्यासमोर करतो. उकळणार नाही, दम देईन. आसेगावच्या पाटलांसमोर तो प्या आणि सांगा, माझ्या हाटेलातला चोथा तुमच्या पेटीत कुणी भरला? रुमाल आणू नका. उघड्या हाताने उत्तर द्या.