पंच क्रमांक एक

माझं शिलाईचं दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर. निम्मं आयुष्य खाकी शिवण्यात गेलं. ठाण्यात पंच लागला की रस्त्यापलीकडून हाक यायची, "चाचा, दोन मिनिटं या जरा." गळ्यातली टेप तशीच ठेवून मी जायचो. चहा यायचा, पाठोपाठ कागद यायचा, मी सही करायचो. कुठं दारू पकडलेली, कुठं मोटारसायकल. त्यातलं काहीही मी पाहिलेलं नसायचं. शेजारचा चपलांचा दुकानदार पंच क्रमांक दोन. रोज एकमेकांची तोंडं बघायची, तर एका सहीला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडं याला शेजारधर्म म्हणतात.

साखर कारखान्याच्या निवडणुकीत आमच्या गल्लीतला एक तरुण गेला. विरोधी पॅनेलचा प्रचार करत होता. कॅनॉलमध्ये सापडला. पोलीस म्हणाले, गाडी घसरली. त्याची बायको म्हणाली, मारलंय. त्याच्या मागं एक जीप लागली होती, हे दोघातिघांनी पाहिलं होतं, आणि त्याच रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर कॅमेरा होता. म्हणजे खरं-खोटं त्या चित्रणात होतं. पोलिसांनी सांगितलं, चित्रण मिळालं नाही. बरं, मग पंचनामा दाखवा. तर म्हणे, तपास चालू आहे, गोपनीय आहे.

झालं, सगळा तालुका पेटला. सत्तेतले म्हणायचे, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊ नका. विरोधक कॅमेऱ्यासमोर रोज नवा सदरा घालून यायचे. पारदर्शकता हा शब्द मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकला की त्याचा वीट आला. पण तहसीलसमोरच्या धरण्याच्या मांडवात मीही रोज बसायचो, दुकान बंद ठेवून. त्याच्या बायकोचं, त्या पोरीचं, तोंड बघवत नव्हतं. आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. "लपवायसारखं काय हाय त्यात? उघडा की कागद!"

शेवटी तिच्या सांगलीच्या वकिलानं कोर्टातून पंचनाम्याची नक्कल मिळवली आणि थेट मांडवात आणून माइकवर वाचली. पंपावरील कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारा डीव्हीआर पंचांसमक्ष चालू करून पाहिला असता त्यात चित्रण आढळून आले नाही. माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडलो, "कोण हाय ह्यो हरामखोर पंच?"

वकिलानं पान उलटलं. पंच क्रमांक एक, धंदा शिवणकाम. पुढं माझं नाव.

मी त्या पंपावर गेलोच नव्हतो. कधीतरी चहाबरोबर तोही कागद आला असणार.

राग कुणाकुणाचा आला म्हणून सांगू? ज्यांच्या विजारी मी अल्टर करून दिल्या, त्यांनी माझ्याच हातानं माझा गळा कापला. सत्तेतले म्हणाले, बघा, धरणं धरणाऱ्यांच्याच माणसानं सही केलीय. विरोधक म्हणाले, फितूर झाला. मोबाईलवर तर माझी जातपात निघाली. त्या डीव्हीआरचं काय झालं, हे विचारायला एकही मायेचा पूत पुढं आला नाही. आणि सगळ्यांत जास्त राग आला तो माझा.

मी कोर्टात लिहून दिलं की मी तिथं नव्हतो, काही पाहिलं नाही. त्याआधी ठाण्यातल्या साहेबांनी समोर बसवून विचारलं, "म्हणजे चाचा, आजवरच्या तुमच्या सगळ्या सह्या खोट्या?" मी म्हटलं, "व्हय साहेब, सगळ्या."

वाटलं, आता तरी त्या पोरीसमोर उभं राहता येईल. दुसऱ्या दिवशी तीच दुकानात आली. बसली नाही.

"चाचा, पंपवाल्यानं वकिलाला सांगितलं. तुमी सही केली त्या दिवशी डीव्हीआर पंपावरच हुता. कुणी हात बी लावला नव्हता. दोन दिवसांनी पोलिसांनी येऊन नेला."

मी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"तुमाला वाचाय येतं न्हवं?"

"येतं."

"मग तवाच वाचून मला येऊन सांगायचं की वो. पळत जाऊन मीच काढून आणला असता."