जरा बघता का?

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद सहसा कुणी वाचत नाही. भिंगकाका मात्र एकोणतीस वर्षं तेच वाचत आले होते. छापखान्यात पत्रक यंत्रावर चढण्याआधी शेवटची नजर त्यांची. टेबलावरच्या भिंगामुळे हे नाव पडलं आणि चिकटलं.

त्या वर्षी मात्र काकांनी हाय खाल्ली. पूर्वी दिवसाला आठ पत्रकं हातावेगळी व्हायची, आता पाच होताना नाकी नऊ यायचे. एकदा तर गोळीच्या मात्रेतलं दशांशाचं टिंबच सुटलं. यंत्रावरच्या माणसाने ते वेळेवर पकडलं म्हणून बरं. घरी आले की काका बूट न काढताच खुर्चीत बसून राहायचे.

"वय झालं माझं. सोडतो आता नोकरी," ते बायकोला म्हणाले.

"अहो, दोन आठवडे दम धरा," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या भाचीला बोलावून घेतलं.

भाची एका वकिलाच्या कचेरीत कामाला. तिने काकांच्या फोनमध्ये वेळ मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं. "मामा, काम बदललं की बोट लावायचं. एवढंच."

"म्हणजे आणखी एक काम वाढलं," काका कुरकुरले. पण लावत राहिले. वाचन, फोन, जेवण असे रकाने होते. चौथा त्यांनी स्वतः घातला: 'जरा बघता का'. दिवसभर कुणी ना कुणी दारात उभं असायचंच. काका, या पत्राचं शुद्धलेखन जरा बघता का? काका, हा निळा गडद वाटतो का, जरा बघता का?

दोन आठवड्यांनी भाचीने आकडे वाचून दाखवले. एका पत्रकाला सरासरी चव्वेचाळीस मिनिटं. काकांनी कपाटातल्या, रोजच्या कामाच्या वेळा टिपलेल्या जुन्या वह्या उघडल्या. दहा वर्षांपूर्वीही तेवढीच लागत होती! आणि 'जरा बघता का' रोज एकोणीस वेळा, मिळून सव्वादोन तास.

वर्षभर त्यांनी उगाच स्वतःला म्हातारं ठरवलं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण तेवढंही त्राण अंगात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन व्यवस्थापकांपुढे ठेवला.

"तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, काका."

"एकोणतीस वर्षांत जमलं नाही, साहेब. आता तुम्ही म्हणा."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत काकांच्या खोलीत कुणी जायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. सारखा रंग दाखवायला येणाऱ्या पाकीट विभागातल्या बाईंनी चार दिवस अबोला धरला. काकांची पत्रकं सातावर गेली. आठ काही होत नाहीत. संध्याकाळी पाय अजून ओढतच चालतात.

"मामा, अ‍ॅप चालू आहे ना?" महिन्याभराने भाचीने विचारलं.

"बंद केलं. कळायचं ते कळलं," काका म्हणाले आणि डोळे मिटून जरा आडवे झाले.