अकरावा दाणा

"आपण दहा जणी! मग दाणे अकरा कसे?" लोट्टे टेबलावर चढून ओरडत होती. म्हणजे चढली नव्हती अगदी, पण सव्वासहा फुटांची मुलगी नुसती उभी राहिली तरी चढल्यासारखीच दिसते. आणि दहाच्या दहा जणी माझ्याकडे बघत होत्या.

आधीच सांगते, भूतखेत, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावास्येला केस धुणारी बाई मी! पण हे जे झालं...

लायडन या डच शहरातलं कालव्याकाठचं घर. जिना इतका उभा की चढताना गुडघा नाकाला लागतो. मुलांचे क्लब पोरींना उंबऱ्यातसुद्धा उभं करत नसत, त्या काळात काही विद्यार्थिनींनी स्वतःचा क्लब काढला, तो या घरात. खोली रिकामी झाली की नव्या मुलीसाठी मतदान. मातीच्या बरणीत प्रत्येकीने घेवड्याचा एक दाणा टाकायचा. पांढरा म्हणजे हो, तपकिरी म्हणजे नाही. बरोबरी झाली तरी नाहीच. मग त्याच दाण्यांचं सूप! बरणी धरायला क्लबची सगळ्यात जुनी सभासद येते – विल, ऐंशीच्या पुढची. तिला मत नाही.

मला ती खोली हवीच होती. तीन महिने झूटरमेरला मावसभावाच्या सोफ्यावर काढले होते, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचे आईबाबा येणार होते. या देशात खोली मिळण्यापेक्षा नवरा मिळणं सोपं.

मतदान चालू असताना मी बाहेर पॅसेजमध्ये, दार बंद. मग हा आरडाओरडा. आत बोलावलं. पाच तपकिरी, पाच पांढरे... आणि एक वेगळाच.

"हे काय आहे?" लोट्टेने तो माझ्या नाकासमोर धरला.

बाकीचे दाणे कोरडे ठणठणीत, हा ओला. कडवा वाल! भिजवलेला, मोड आलेला, नखाने सोललेला. अहो, डाळिंबी! लायडनमध्ये!

"तूच टाकलास," लोट्टे म्हणाली.

"बंद दारातून? तोफेने?"

तिने माझी सॅक, खिसे, अगदी मोजेसुद्धा उलटे केले. मी तिच्याकडे संशयाने बघत होते. हिचाच डाव नसेल? मला चोर ठरवून घालवायचं? पण हिला डाळिंब्या सोलायला शिकवलं कोणी?

विलने चष्मा पुसून दाणा बघितला. "पांढरा आहे. सहा-पाच. पोरीला किल्ली द्या."

आणि दाणे गेले पातेल्यात. अख्खा पुरावा आम्ही चमच्याने खाल्ला!

तिच्या घरातून तर आला नसेल, म्हणून वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "वाल? अगं, या देशात आल्यापासून मी तोंडात घातले नाहीत. मिळाले तर मलाच सांग." तेही दार बंद. आजतागायत मला उलगडा झालेला नाही.

राहता राहिली विल. बरणी तिच्याच हातात होती ना! खाली ती सायकलचं कुलूप काढत होती, तिथे गाठलंच तिला.

"विल, खरं सांगा. तो दाणा कोणी टाकला?"

तिने सीटवरचं पाणी बाहीने पुसलं.

"मत गुप्त असतं."