गच्चीवरची खोली आणि पाच गुणांचा प्रश्न

मी तीस वर्षं सोलापुरात नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्या झाल्या बेकायदा बांधकाम करायला निघालो.

तसा मी विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. गच्चीवर, आईच्या खोलीच्या बरोबर वर, वाचायला एक खोली बांधायची ठरली (आईच्या टीव्हीपासून तेवढंच लांब!). गुरुजींना मुहूर्त विचारला. बायकोला विचारलं. दुधनीच्या मेव्हण्याला विचारलं. त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा ठोकत नाहीत. राहिली फक्त महापालिका.

"घर तुमचं, गच्ची तुमची. परवाना कशाला वो?" मल्लप्पा मिस्त्री म्हणाला. मला ते लगेच पटलं!

मुहूर्ताच्या दिवशी आईनं कहर केला. "नारळ सायबाच्या हातनं फोडू की!" म्हणत ती गल्लीतल्या सिद्रामला घेऊन आली. सिद्राम माझा जुना विद्यार्थी, आता महापालिकेत इंजिनियर. तोही बांधकाम परवाना विभागात! पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही हळदकुंकू लावून!

नारळ हातात धरूनच त्यानं विचारलं, "सर, परवाना?"

"अरे, एकच तर खोली..."

"रंग द्या, फरशी बदला, कोन इचारत न्हाय. खोली वाढवली की परवाना लागतोय. खाली कॉलम हायत का?"

"भिंती आहेत की, चांगल्या जाड!"

तो आईच्या खोलीत गेला आणि किल्लीनं थोडा गिलावा खरवडला. भुरभुर माती आईच्या उशीवर पडली.

"मातीत बांधलेली भिंत हाय, सर. हिच्यावर स्लॅब टाकला असता, तर आजी..."  मी हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवून दिलं.

आई उशी झटकत म्हणाली, "मग नारळ फोडायचा का न्हाय?"

नारळ फुटला, खोली बांधायची राहूनच गेली. आई आजही त्याच पलंगावर बसून टीव्ही मोठ्यानं लावते. पूर्वी चिडायचो, आता तो आवाज आला की फार बरं वाटतं.

त्या दिवशी सिद्रामचे हात धरून मी म्हणालो, "आईला वाचवलंस रे बाबा."

"मी कुटं, सर! तुमीच शिकवलं की सहावीत. महापालिकेची कामं."

मला आठवलं. बांधकामाला परवाना कशासाठी, या प्रश्नाला 'परवाना न घेता बांधलं तर भिंत पडती', असं त्यानं सहामाहीच्या पेपरात लिहिलं होतं. मी पाचपैकी एक गुण दिला होता आणि लाल शाईनं शेरा मारला होता: विषय समजलेला नाही!