सव्वादोन फूट पाणी

आमच्या विहिरीचं पाणी एका दुपारी सव्वादोन फूट चढलं, तेव्हा काठावर साक्षीदार म्हणून घरातला मी एकटाच होतो. आरोपीही मीच होतो, पण ते गावाला कळायला चार दिवस जावे लागले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. गेली सत्तावीस वर्षं मी मुलांकडून हौद भरून घेतोय. एका तोटीने हौद सहा तासांत भरतो, दुसरीने आठ तासांत, आणि तळाच्या भोकातून अमुक इतकं पाणी गळतं, तर हौद किती वेळात भरेल? (हौद गळतोय तर आधी बुजवत का नाहीत, हे इतक्या वर्षांत एकाच मुलीने विचारलं. ती माझीच मुलगी करुणा. तेव्हा पाचवीत होती. मी तिला बाकावर उभं केलं होतं.)

तीच करुणा आता नगरच्या एका कॉलेजात भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही अजून 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतो. तर सत्र संपत आलं की तिच्या कॉलेजकडून मोबाईलवर सूचनांचा जो पाऊस पडतो, तो मी भाविकपणे वाचतो. आमच्या वेळी फळ्यावर एकच सूचना असायची, फी भरा. आता बघा! परीक्षेचे अर्ज, हॉल तिकीट, लायब्ररीची पुस्तकं परत करणे हे तर आहेच, शिवाय सुप्याच्या कारखान्यात महिनाभर काम शिकण्याची संधी, अकोले तालुक्याच्या डोंगरात जाऊन भाताच्या जुन्या वाणांची नोंद करण्याची संधी, ड्रोन उडवण्याची संधी. विद्यार्थ्याने नुसतं घरी बसायचं म्हटलं तरी त्याला अर्ज करावा लागेल, असं मला वाटायचं. मी प्रत्येक सूचनेची प्रत काढून फाइलला लावत असे आणि करुणाने सगळीकडे अर्ज करावा म्हणून तिच्या मागे लागत असे.

तिने एकच अर्ज केला, विहीर निरीक्षणाचा. आपापल्या गावातली एक विहीर निवडायची, बारा दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी मोजायची आणि अहवाल लिहायचा. ज्यांचे अहवाल उत्तम, अशा चौघांना पुण्याच्या एका संस्थेत पाण्याच्या अभ्यासाचं महिनाभराचं प्रशिक्षण. करुणाला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याबद्दल ती घरात एक शब्द बोलत नव्हती. तिचा हा स्वभाव मला ठाऊक आहे. दहावीला ती पहिली आली ते आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

विहीर अर्थातच आमची. वीस फूट व्यासाची, दगडी बांधकामाची. करुणा पहाटे मोजपट्टी सोडायची, वहीत लिहायची, संध्याकाळी पुन्हा सोडायची. मी रोज वही चोरून बघायचो.  पहिल्या दिवशी पाणी दीड इंच खाली. दुसऱ्या दिवशी आणखी दीड. पाचव्या दिवशी तिने आलेख काढला, तर रेघ डावीकडून उजवीकडे सरळ उतरत गेलेली. सत्तावीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरणाऱ्या माणसाला उतरत्या रेघेचा अर्थ सांगावा लागत नाही. पोरगी नापास होत होती, आणि तेही आमच्या विहिरीमुळे.

त्यात सहाव्या दिवशी कळलं, की सोमवारी कॉलेजच्या मॅडम पाहणीला येणार.

पाहणी! आता शिक्षकाला पाहणी म्हटलं की काय होतं, ते बाहेरच्या माणसाला समजणार नाही. साहेब यायचे म्हटले की आम्ही भिंती रंगवतो, हुशार पोरं पहिल्या बाकावर आणून बसवतो, आणि ज्या नळाला वर्षभर पाणी नसतं त्या नळाला त्या दिवशी पाणी असतं. हे कुणी शिकवत नाही, नोकरीत आपोआप अंगी येतं. त्यामुळे मला जे सुचलं, त्यात मला काही गैर वाटलंच नाही. उलट इतका सोपा उपाय करुणाला कसा सुचला नाही, याचं नवल वाटलं.

गुरुवारी करुणा हॉल तिकीट आणायला नगरला गेली. तिची आई चर्चच्या महिला संगतीच्या प्रार्थनेला गेली. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी राघूला फोन केला. राघू माझा जुना विद्यार्थी, बांधकामांना टँकरने पाणी पुरवतो. तो आला, त्याने विहीर बघितली, मला बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"गुर्जी, आजवर म्या हिरीतून टँकर भरत आलो. टँकरातनं हीर भरायची ही पयलीच येळ. तुमची तब्येत बरी हाय ना?"

मी त्याला गप्प बसवलं. (शाळेतही तो मला असेच प्रश्न विचारायचा.) पाइप सोडला. दहा हजार लिटर पाणी असं काही गर्जत पडलं, की मला वाटलं आता विहीर काठोकाठ भरून अंगणात येणार. टँकर रिकामा झाल्यावर मी वाकून बघितलं. विहिरीला काही झाल्याचं दिसत नव्हतं. जेमतेम हातभर पाणी चढलं होतं. मी तिच्या पोटाकडे बघून थक्क झालो. मग राघूला म्हणालो, आण अजून एक.

संध्याकाळी करुणाने पट्टी सोडली. वर ओढली, पुसली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदाही सोडली. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. (नंतर कळलं, ते उलटं धरलं होतं.) पाणी सव्वादोन फूट चढलंय, असं ती म्हणाली तेव्हा मी शक्य तितक्या सहज 'देवाची कृपा' असं म्हणालो. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि वहीत लिहिलं.

इथेच सगळं संपलं असतं, पण शेजारचे दगडू तात्या कुंपणापाशी उभे होते. तात्यांच्या कानावर गेलेली गोष्ट दवंडीपेक्षा लवकर पोचते. शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात निम्मं गाव उभं होतं. भर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी चढलं! सरपंचताई म्हणाल्या, हे आपल्या बंधाऱ्याचं पाणी, खालून झिरपून आलं. एक म्हातारबुवा म्हणाले, न्हाई, जुना झरा फुटला, आज्याच्या काळात असाच फुटला हुता. त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन गोड असल्याचा निकाल दिला. मग मलाही पिणं आलं. टँकरच्या लोखंडाची चव होती, पण मी डोळे मिटून मान डोलावली. शेजारच्या हिवरे बाजारचं नाव पाण्यासाठी सगळीकडे झालं, आता आपलं होणार, असं जो तो म्हणत होता. लोक विहिरीकडे असे बघत होते, की खुद्द मलाही क्षणभर वाटून गेलं, खरंच एखादा झरा असेल!

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विहिरीबद्दल उपकारस्तुती केली आणि मला साक्ष द्यायला उभं केलं. पहिल्या बाकापासून सगळे माझ्याकडे माना वळवून बघत होते.  मी एवढंच म्हणालो, की यात माझा काहीच हात नाही. लोकांना तो विनय वाटला. दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. माझ्या बायकोने मात्र लावला नाही, ती माझ्याकडे बारीक नजरेने बघत होती.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. आमच्या ग्रामसभेचा नियम आहे, उन्हाळ्यात आधी विहिरींचं पाणी बघायचं, मग कुणी काय पेरायचं ते ठरवायचं. त्यामुळे या दिवसांत इथे हिरवं पीक कुणी घेत नाही. पण आता तात्यांनी मक्याचं बियाणं आणून ठेवलं होतं. आमच्या विहिरीत झरा आहे म्हणजे त्यांच्या विहिरीतही असणारच, बांधाला बांध लागून आहे, असा त्यांचा हिशोब. त्यांच्या मागे आणखी पाच-सहा जण तयार होते. सोमवारच्या ग्रामसभेत परवानगी मिळणार हे नक्की होतं. 

रविवारी संध्याकाळी करुणा वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, एवढं एक गणित तपासून देता?"

लाल पेन माझ्या खिशात असतंच. विहिरीचा व्यास वीस फूट, त्रिज्या दहा. तीन पूर्णांक चौदा गुणिले शंभर, तीनशे चौदा. बरोबर. गुणिले चढलेलं पाणी सव्वादोन फूट, सातशे साडेसहा घनफूट. बरोबर. एका घनफुटात अठ्ठावीस पूर्णांक तीन लिटर, म्हणून उत्तर एकोणीस हजार नऊशे चौऱ्याण्णव लिटर. पायऱ्या अशा स्वच्छ मांडल्या होत्या, की माझा ऊर भरून आला. पुढची ओळ होती, एका टँकरमध्ये दहा हजार लिटर, म्हणून टँकर दोन. मी तिथेही बरोबरची खूण केली, खाली 'छान' लिहिलं, सही केली. आणि मग पेन थांबलं.

"सहा लिटर कमी येतंय," मी म्हणालो. शिक्षकाला दुसरं काय सुचणार!

"काठावर सांडलं असेल," ती म्हणाली.

 खरं सांगतो, मला लाज वाटायच्या आधी विलक्षण नवल वाटलं. दोन टँकर रिकामे करून मी सगळ्या गावाच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. सरपंचताई फसल्या, पाळक फसले, पाणी चाखून बघणारे म्हातारे फसले. आणि ही एवढीशी पोर एक मोजपट्टी आणि एक पेन्सिल घेऊन टँकरचा आकडा काढून मोकळी झाली होती. मी सत्तावीस वर्षं हौद शिकवला, पण खरा हौद कधी मोजला नव्हता.

तिने शांतपणे सांगितलं, की पाणी उतरायलाच हवं होतं. ते किती वेगाने उतरतं, त्यावरून गावाला पाणी कुठवर पुरेल हे काढायचं, हाच तर अभ्यास. झरा असता तर पाणी टिकलं असतं. हे पाणी मात्र गुरुवारपासून आधीपेक्षाही भराभर खाली चाललंय. तात्यांनी मका पेरला तर पंधरा दिवसांत वाळेल.

"मग मला आधी का नाही सांगितलंस, उतरायला हवं म्हणून?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसते उसासे सोडत होतात."

अहवालात जे झालं ते सगळं लिहिणार, असं ती म्हणाली. निवड झाली नाही तरी चालेल. हे म्हणताना तिचा आवाज थोडा हलला, तो मी ऐकला. फक्त पाणी कुणी ओतलं, ती जागा तिने कोरी ठेवली होती. आतून तिची आई म्हणाली, गुरुवारी तुझ्या पप्पांनी स्वतःहून अंगण झाडलं, चाकांच्या खुणांसकट, तेव्हाच मला शंका आली होती.

सोमवारी ग्रामसभा आमच्या शाळेतच भरली. मॅडमही येऊन बसल्या. करुणाने माझ्याच फळ्यावर आलेख काढला आणि न अडखळता सगळं गणित मांडलं. दोन टँकर, एवढं म्हणून ती थांबली. कुणाचे, ते बोलली नाही.  मी उठलो आणि म्हणालो, माझा हात आहे यात. कोपऱ्यातून राघू लगेच म्हणाला, की म्या पयल्याच खेपेला तब्येत इचारली हुती.

तात्या जागेवरून उठले.

"गुर्जी," ते म्हणाले, "माझ्या पोराला हौदाच्या गणितात नापास तुमीच केल्तं ना?"

मी हो म्हणालो. 

मका रद्द झाला, नियम तसाच राहिला, बियाणं तात्यांनी पावसाळ्यासाठी ठेवलं. मॅडम मात्र करुणाची वही खाली ठेवेनात. विहिरीत मुद्दाम मोजून पाणी ओतायचं आणि ते किती वेगाने जिरतं ते बघायचं, अशी एक पद्धतच आहे, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, फक्त ओतणाऱ्याला ते माहीत असावं लागतं. निवडलेल्या चौघांत करुणाचं नाव पहिलं आलं. ते आम्हाला नेहमीप्रमाणे शेजाऱ्यांकडून, म्हणजे तात्यांकडून कळलं.

पुढच्या सत्राच्या शेवटी पुन्हा सूचना आल्या, मी पुन्हा प्रती काढल्या. विहीर निरीक्षणाच्या सूचनेत पूर्वी सहाच मुद्दे होते. आता सातवा होता: निरीक्षणाच्या काळात विहिरीत बाहेरचं पाणी पडणार नाही याची विद्यार्थ्यांनी दक्षता घ्यावी, आणि विशेषतः पालकांवर लक्ष ठेवावे.

एवढ्या मोठ्या कॉलेजच्या सूचनेत माझ्यामुळे एक ओळ वाढली होती. मी ती दोनदा वाचली, खिशातलं लाल पेन काढलं आणि शेजारी बरोबरची खूण केली.